देखावा पुसल्यावर : छोट्यांच्या चित्रकलेबद्दल शिकाऊ शिक्षकांचे प्रश्न

अंगणवाडी ते दुसरी या वयाच्या मुलांना चित्रकला कशी शिकवायची, याबद्दल छात्राध्यापक आणि त्यांना शिकवणारे यांच्याकडून आम्ही प्रश्न मागवले होते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं छापलेली नाहीत. कशाला चार ओळींत उत्तर आहे, कशाला दीड पान लागलं आहे.

डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला माझ्याकडे चाळीस जण आहेत. त्यातले तीसेक पहिल्याच दिवशी म्हणतात, ‘सर, मला चित्र येत नाही.’ उरलेल्यांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या असतात आणि ते घडा-पेला छटांसकट काढतात. दोघांना एकत्र कुठून सुरुवात करून द्यावी? (अध्यापकाचार्य, मराठवाडा)

दोघांना सारखाच कागद द्या आणि दहा मिनिटांत मनानं एक चित्र काढायला सांगा. मग सगळे कागद भिंतीवर ओळीनं लावा. बहुतेकांवर तोच देखावा असेल : दोन-तीन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली रुंद होत आलेली नदी, कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि आकाशात आडव्या पडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी. मराठवाड्यातल्या वर्गातही नारळ येतोच. कोणाला हसू नका, फक्त विचारा, यातलं तुमच्या गावात काय दिसतं? ‘चित्र येत नाही’ म्हणणाऱ्यांनीही हे काढलेलं असतं, म्हणजे पहिली-दुसरीत कोणाच्या तरी फळ्यावरून ते त्यांच्या हातात बसलं आहे. दोन वर्षांनी ते स्वतःच्या फळ्यावर हेच काढणार. म्हणून पहिलं काम, हाताची ही सवय मोडायचं.

दुसऱ्या तासिकेला प्रत्येकानं आपली एक चप्पल बाकावर ठेवायची आणि तिच्या कडेवरून डोळा मुंगीच्या गतीनं फिरवत, कागदाकडे अजिबात न बघता, पेन्सिल न उचलता पाच मिनिटं रेघ ओढायची. कागद टेपनं चिकटवून घ्या, नाहीतर सरकतो. चोरून बघणं थांबत नसेल तर एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला भोक पाडून पेन्सिल त्यातून घाला, पुठ्ठा हातावर छत्रीसारखा बसतो आणि कागद झाकला जातो. रेघ वेडीवाकडी येईल, अंगठा टाचेला जाऊन मिळेल. पण झिजलेली टाच, निघालेला पट्टा, शिवणीचे टाके त्यात दिसायला लागतात. असे तीन कागद झाले की चौथा कागद बघून काढू द्या. फरक त्यांचा त्यांनाच कळतो. इथे ग्रेड परीक्षावाले थोडे अडतात, कारण त्यांचा हात सवयीनं आधी मध्यरेषा आणि मग लंबवर्तुळ काढतो. त्यांना सांगा, छटा नको, आज फक्त कड.

तिसऱ्या तासिकेला पेन्सिल बंद. प्रत्येकी वर्तमानपत्राचं एक पान द्या आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडायला लावा, कात्री नाही. पान वरून खाली फाडलं तर पट्टी सरळ निघते, आडवं फाडलं तर फाट भरकटते. कागदाचे तंतू यंत्रावर एका दिशेला लागतात, म्हणून असं होतं. ही गोष्ट छात्राध्यापकाच्या बोटांना माहीत नसेल, तर उद्या अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या मुलाची पट्टी आडवी फाटल्यावर तो म्हणणार, ‘नीट फाड ना!’ मूल नीटच फाडत असतं, कागद उलटा दिलेला असतो.

चौथ्या तासिकेला प्रत्येकानं डाव्या हातात (डावखुऱ्यांनी उजव्या) जाड मेणखडू धरून वर्तमानपत्राच्या पूर्ण पानावर गिरगोट्या करायच्या. आधी कोपर बाकावर टेकवून, मग खांद्यापासून हात मोकळा सोडून. तीन वर्षांचं मूल खांद्यातून चित्र काढतं, मनगट नंतर येतं आणि बोटं त्याहून नंतर. त्याला छोटी चित्रकलेची वही आणि टोकदार रंगीत पेन्सिल दिली की काय होतं, ते एवढ्या वीस मिनिटांत समजतं.

या चार तासिकांनंतर वस्तुचित्र, अक्षरलेखन, फळ्यावरची रेखाटनं जरूर घ्या. शिक्षकाला ती लागतात. पण आधी घेतलीत, तर ‘येत नाही’वाले तीस जण कायमचे मागच्या बाकावर जातात.

पहिलीच्या सराव पाठाला मी फळ्यावर आंबा काढला. मुलांनी तो काढला, रंगवला. मार्गदर्शकांनी चांगले गुण दिले. पण सगळे आंबे एकसारखे होते, आणि एक मुलगी ‘बाई, तुम्हीच काढून द्या’ म्हणून रडायला लागली. मी फळा कोराच ठेवायचा का? (छात्राध्यापिका, सातारा)

आकार काढून दाखवण्यासाठी कोराच ठेवा. ‘पाठाला फलकलेखन हवं’ असं मार्गदर्शक म्हणतील, तर मुलांनी बोललेले शब्द त्यावर लिहा, टाचणात (पाठाच्या लेखी नियोजनात) तसं आधीच नमूद करा आणि कारणही लिहा.

फळ्यावरच्या आंब्याची जागा गप्पांनी घ्यायची. पण ‘तुम्हाला काय आवडतं?’ एवढा सैल प्रश्न पुरत नाही, त्यावर कागदावर फूल येतं नाहीतर झेंडा येतो. मुलाच्या अंगावर बेतलेला प्रसंग घ्या आणि क्रियापदांनी विचारा. समजा विषय ‘पावसात शाळेत येताना’ आहे.

‘छत्री कुठल्या हातात होती? दाखव बरं धरून. आता वारा आला! काय झालं छत्रीचं? मग दुसरा हात कुठे गेला? दप्तर कुठे होतं? पाय कसे टाकत होतात, दाखवा. चिखल कुठपर्यंत उडाला? सोबत कोण होतं? ते भिजलं का?’

मुलं उभी राहून छत्री उलटी झाल्याचं करून दाखवतात. पाच मिनिटं पुरे, त्याहून लांबलं की काढायची हौस बोलण्यातच संपते. लगेच कागद द्या. आता एकाच्या चित्रात छत्री उलटी असेल, एकाच्या चित्रात नुसता चिखल. अनेकदा हाताला छत्रीएवढी लांबी येते, कारण आत्ताच तो हात ताणलेला होता.

रडणाऱ्या मुलीसाठी : तिच्या कागदावर तुमची एकही रेघ नको, एकदा दिली की पुढच्या प्रत्येक तासाला मागणी येते. ‘तुला येतं गं’ हेही चालत नाही, तिला ते खरं वाटत नाही. तिला एक छोटा प्रश्न द्या : ‘आंबा हातात घेतलास तर बोटं कुठपर्यंत पोचतात? देठ कुठल्या बाजूला?’ खरा आंबा हातात द्या, डोळे मिटून चाचपू द्या. तरीही अडली तर चित्राचं साधन बदला, पेन्सिल काढून घ्या आणि कागद फाडून चिकटवायला द्या. खोडरबर या वयाला वर्गात ठेवूच नये. खोडरबर आला की निम्मा तास खोडण्यात जातो आणि कागदाला भोक पडतं.

पाच वर्षांचा मुलगा माणूस काढतो तेव्हा हात डोक्यातून निघतात, पोट नसतंच. मी दुरुस्त करावं का? (छात्राध्यापक, नाशिक)

नाही. डोकं आणि त्यालाच पाय, कधी हात, असा माणूस साडेतीन-चारच्या सुमारास जगभर बहुतेक मुलं काढतात. पाचव्या वर्षीही तो दिसला तर काळजीचं कारण नाही. वयाचा साधारण क्रम असा : दोन ते चार वर्षांत गिरगोट्या, त्यातच पुढे बंद गोल आणि ‘हा बाबा’ असं नाव देणं. चार ते सात ओळखू येणारी पण सुटी-सुटी चित्रं, कागदभर तरंगणारी. सातच्या आगेमागे कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, झाडं-घरं तिच्यावर उभी राहतात, आणि प्रत्येक मुलाचा स्वतःचा ठरलेला ‘माणूस’ तयार होतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या मध्याला हे टप्पे नीट मांडले. प्रशिक्षणात ते पाठ करून घेतात, पण कागद समोर ठेवून ओळखायला क्वचित लावतात.

त्यासाठी एक काम करा. सराव शाळेतून बालवाडी, पहिली आणि दुसरीची वीस चित्रं घ्या, नाव-वय मागे लिहून झाकून टाका, आणि गटानं ती वयाप्रमाणे लावा. मग मागची वयं बघा. दोन-तीन चित्रं हमखास चुकीच्या जागी जातात आणि चर्चा तिथेच रंगते. पारदर्शक भिंतीचं घर, ज्यात आतली चूल, आजी, मांजर सगळं बाहेरून दिसतं, तेही एक ठेवा. त्याला ‘चूक’ म्हणणारे छात्राध्यापक वर्गात निघतातच.

पोट हवंच असेल तर बोलून मागा : ‘जेवण झालं की कुठे जातं?’ पुढच्या चित्रात पोट येईल किंवा येणार नाही. आलंच तर त्यात पोळीसुद्धा दिसेल.

जिल्हा परिषदेच्या शाळेत रंग-कागदाला पैसे नाहीत. बिनखर्चाचं साहित्य म्हणजे नक्की काय, किती, कसं? (छात्राध्यापिका, यवतमाळ, असाच प्रश्न चौघांचा)

ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत होत्या, आणि पुढे 1957 मध्ये काम कोसबाडला गेलं. महागड्या मॉन्टेसरी साधनांच्या जागी त्यांनी शंख, दगड, बिया, पानं वापरली. आता प्रमाणं.

खळ : एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी. आधी एक वाटी गार पाण्यात मैदा गुठळी न राहता कालवा, उरलेलं तीन वाट्या पाणी उकळून त्यात ओता, मंद आचेवर ढवळत चार-पाच मिनिटं, खळ पारदर्शक दिसेपर्यंत. मैदा सरळ गरम पाण्यात टाकला तर गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. चाळीस मुलांच्या चिकटकामाला एवढी खळ पुरते. दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. लहान मुलांच्या खळीत ते अजिबात नको, विषारी आहे. लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब चालतात.

बोटांनी रंगवायचा रंग : अर्धी वाटी कॉर्नफ्लॉअर अर्ध्या वाटी गार पाण्यात, वर दीड वाटी उकळतं पाणी, जेलीसारखं होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर चार वाट्यांत वाटून खायचा रंग किंवा थोडा पोस्टर कलर मिसळा. गुळगुळीत कागद लागतो. वर्तमानपत्र हे पाणी शोषून फाटतं, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम.

मातीचे रंग : गेरू, पिवळी माती, आणि काळ्यासाठी कुटलेला कोळसा. पूड वस्त्रगाळ करा, नाहीतर खडे ब्रशाखाली खरवडतात. रात्रभर भिजत ठेवा. डिंक दुप्पट गरम पाण्यात विरघळवून, दोन चमचे दाट रंगाला एक चमचा डिंकाचं पाणी. वाळल्यावर बोट फिरवून बघा : रंग बोटाला आला तर डिंक कमी पडला, पृष्ठभाग चकाकला आणि तडे गेले तर जास्त झाला. हळदीचा पिवळा सुंदर येतो पण उन्हात उडतो, खिडकीत लावलेलं चित्र काही दिवसांत फिकं दिसेल. हळदीला चुना लागला की लाल होते, हे मुलांना फार आवडतं, पण चुना त्वचेला आणि डोळ्यांना जाळतो. दाखवायचंच असेल तर शिक्षकानं साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून दाखवावं, तोही हळदीला लालसर करतो. रंगपंचमीचे सुटे रंग वापरू नका.

ब्रश : बोटभर जाड काथ्या कांडीला दोऱ्यानं बांधून कापला की रुंद ब्रश. बांबूची काडी टोकाला ठेचली की रेघेचा.

एक इशारा. बिया चिकटवण्याच्या कामात छात्राध्यापक हौसेनं लाल-काळ्या गुंजा आणि एरंडाच्या बिया आणतात. दोन्ही विषारी आहेत, वर्गात आणू नका. चार वर्षांखालच्या मुलांना तर मूग-मटकीही नको, नाकात जाते. त्यांच्यासाठी वाळकी पानं, फाडलेला कागद, कापडाचे तुकडे.

पोस्टर कलरचा तास दर वेळी फसतो. सगळ्यांची चित्रं शेवटी शेणकट होतात, जांभळा तर कधीच होत नाही. (छात्राध्यापक, कोल्हापूर)

जांभळ्याची अडचण लाल रंगात आहे. बाजारातल्या ‘स्कार्लेट’ लालमध्ये पिवळी झाक असते. निळ्यात मिसळला की तिन्ही मूळ रंग एकत्र येऊन तपकिरी होतो. ‘क्रिमसन’ किंवा गडद गुलाबी घ्या, जांभळा स्वच्छ येईल. हिरव्यासाठी पिवळ्यात निळा थेंबाथेंबानं घाला. उलट केलं, म्हणजे निळ्यात पिवळा, तर पिवळ्याची बाटली संपते आणि हिरवा काळपटच राहतो.

शेणकट होण्याचं कारण बहुधा पाण्याचा डबा. सहा-सात मुलांना एक ब्रश आणि एक डबा मिळाला की दहा मिनिटांत पाणी राखाडी होतं आणि तेच रंगात जातं. पहिली-दुसरीला पाण्याचा डबाच देऊ नका. प्रत्येक रंगाच्या झाकणात त्याच रंगाचा एक ब्रश कायम ठेवा आणि मुलांनी ब्रश बदलत जायचं. ‘पिवळ्याचा ब्रश पिवळ्याच्या घरी’ एवढा एकच नियम. रंग दाट ताकाएवढा असावा. पातळ झाला की कागद लाटेसारखा उचलतो आणि रंग खळग्यात साचतो. पहिल्या तासाला दोनच रंग द्या, पिवळा आणि निळा. हिरवा ‘सापडल्याचा’ आरडाओरडा होतो, त्या वेळी शेजारच्या वर्गाची माफी मागून ठेवा.

पस्तीस मिनिटं, पस्तीस मुलं, ओले रंग. सराव पाठाचं नियोजन कसं लिहू? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

गप्पा पाच मिनिटं, काम सतरा-अठरा, आवराआवर सात, एकमेकांची चित्रं बघणं पाच. आवराआवरीची सात मिनिटं टाचणात कोणी लिहीत नाही आणि तिथेच पाठ कोसळतो.

साहित्य गप्पा संपेपर्यंत झाकलेलं ठेवा. रंग दिसला की तुमचं बोलणं कोणी ऐकत नाही. पूर्ण ड्रॉइंग शीटचे चार भाग करा, म्हणजे पस्तीस मुलांना नऊ शीट लागतात आणि एक चतकोर उरतो. तो राखून ठेवा, कोणाचा तरी कागद फाटणारच. मागे नाव-तारीख आदल्या दिवशी स्वतः लिहा. सातांचे पाच गट, खाली जमिनीवर, बाकावर नको. प्रत्येक गटाला वर्तमानपत्राची दोन पानं, एक ताट, त्यात तीन रुंद झाकणं, एक ओलं फडकं, एक कोरडं. प्रत्येक गटात एक मूल ‘फडकेवाला’. ओलं चित्र लगेच दोरीवर टांगलं तर रंग ओघळतो. दहा मिनिटं जमिनीवर आडवं राहू द्या, मग सुतळीवर चिमट्यांनी.

ज्याचं चार मिनिटांत झालं, त्याच्यासाठी दुसरा कागद आणि मेणखडू कोपऱ्यात तयार ठेवा. ‘अजून काढ, अजून भर’ असं म्हटलं तर मूल चांगलं चित्र काळ्यानं झाकून टाकतं.

शाडूचे प्राणी दुसऱ्या दिवशी तडकतात, पाय गळतात. (छात्राध्यापिका, रत्नागिरी)

पाय बहुधा वेगळे करून चिकटवलेले असतात. माती वाळताना आकसते. पाय बारीक म्हणून आधी वाळतो, धड मागाहून, आणि जोडावर फाट पडते. यासाठी मुलांना ओढून काढायची रीत दाखवा. प्रत्येकी मोठ्या लाडवाएवढी, साधारण पाव किलो मळलेली माती. चाळीस मुलांना दहा किलो. ती बटाट्यासारखी लांबट करायची आणि तिच्यातूनच चार पाय, मान, शेपूट चिमटीनं बाहेर ओढायची. वर चिमटा काढला की वशिंड. श्रावणी अमावास्येला पोळ्याचे बैल असेच होतात. दाखवताना मात्र तुमचा बैल पूर्ण करू नका. एक पाय ओढून दाखवा आणि गोळा परत मोडून टाका.

जोडायचंच असेल तर दोन्ही बाजू काडीनं खरवडून, मातीचीच दाट लापशी लावून दाबा. नुसतं पाणी लावून जोड टिकत नाही. कुठलाही भाग अंगठ्यापेक्षा फार जाड नको. धड जाड झालंच तर खालून पेन्सिलीनं पोकळ करा. पहिली रात्र ओलसर फडक्याखाली, मग सावलीत. उन्हात ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. माती दोन दिवस आधी भिजवून, बोटाला चिकटणं थांबेपर्यंत मळलेली हवी. मुलांसमोर पाणी ठेवू नका. ती ते ओततात आणि मग सगळ्यांचा चिखल.

पालकांना रंगवायची पुस्तकं हवी असतात. वाईट आहेत का? (अंगणवाडी मदतनीस, पुणे जिल्हा)

बोटांना थोडा सराव होतो, प्रवासात मूल शांत बसतं. चित्रकलेच्या तासाला मात्र ती नकोत, कारण चित्र दुसऱ्यानं काढलेलं असतं आणि मुलाकडे फक्त रेघेबाहेर न जाण्याचं काम उरतं. पालकसभेत एकाच मुलाची जून आणि डिसेंबरची दोन चित्रं शेजारी लावा.

वारली चित्रं दुसरीला घेतो. दोन त्रिकोण जोडले की माणूस, मुलं पटकन शिकतात. मार्गदर्शक खूश असतात. पण कुठेतरी खटकतं. (छात्राध्यापक, ठाणे)

खटकतंय ते बरोबर आहे. दोन त्रिकोणांचा माणूस फळ्यावरून उतरवून घेतला, तर तो आंब्याचाच पाठ झाला, वर लोककलेचं नाव लागलं एवढंच. वारली चित्र पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर लग्नघरात भिंतीवर काढतात. सवाष्ण बाया तांदळाच्या पिठानं लग्नचौक, म्हणजे लग्नाचा चौकोन, लिहितात, आत पालघट देवी असते. रोजचं जगणं कागदावर मोठ्या प्रमाणात आलं ते 1970च्या दशकात, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या हातून. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली.

वर्गात तीन गोष्टी करता येतात. एक, साधन अनुभवू द्या : गेरू फासलेला पुठ्ठा, तांदळाचं पीठ पाण्यात, थोडा डिंक, ठेचलेली बांबूची काडी. पीठ ओलं असताना जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर पांढरं उमटतं. मुलं ‘आलंच नाही’ म्हणून त्याच जागी पुन्हा-पुन्हा गिरवतात आणि थर सोलतो, हे आधी सांगून ठेवा. दोन, खऱ्या चित्राचा मोठा फोटो दाखवून शोधायला लावा : तारपा कोण वाजवतंय, नाचणारी रांग कुठून कुठे वळते, कोंबडी किती. तीन, त्रिकोणाची सक्ती नको. मुलाचा स्वतःचा माणूस त्याच काडीनं काढू द्या, विषय त्याच्या घरचा. वारली समाजाचं कोणी गावात असेल तर सन्मानानं वर्गात बोलवा, आणि त्यांना वेळेचं मानधन द्या.

गोल कापताना मुलं कात्री फिरवतात, कागद चुरगळतो. एका डावखुऱ्या मुलाला तर कापताच येत नाही. (छात्राध्यापिका, सोलापूर)

कात्री स्थिर, कागद फिरता. हे हाताला कळेपर्यंत गोल देऊ नका. क्रम असा : फाडणं, मग बोटभर रुंद पट्टीचे एका चापात तुकडे, मग दोन-तीन चापांची सरळ रेघ, मग वळण. कागद वहीच्या पुठ्ठ्याइतका जाड नको, पतंगाइतका पातळही नको, जुनी निमंत्रणपत्रिका बरोबर बसते. अंगठा वर राहतोय ना, ते पाहा. डावखुऱ्याला नेहमीची कात्री कापत नाही, कारण त्याच्या दाबानं पाती एकमेकांपासून लांब जातात आणि कागद मधे दुमडतो. डावखुऱ्यांची कात्री मिळते, शाळेत दोन ठेवा. हात बदलायला लावू नका.

आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात नोंद काय लिहू? ‘चित्र सुंदर काढतो’, ‘रंगसंगती चांगली’ याच्यापुढे सुचत नाही. (छात्राध्यापिका, जळगाव)

कलेला संकलित (सत्राअखेरची) परीक्षा नाही, त्यामुळे नोंद हाच मूल्यमापनाचा सगळा आधार. ‘सुंदर’ हा शब्द टाळा, तो तुमच्या आवडीबद्दल बोलतो. काय दिसलं आणि आधीपेक्षा काय बदललं, ते लिहा. काही नमुने :

‘जुलैत माणसाला डोके व पाय होते. सप्टेंबरात पोट आले, त्यावर चार बटणे.’

‘कागद फाडताना आधी मूठ वापरत असे. आता चिमटीने फाडते.’

‘पिवळ्यात निळा घालून हिरवा केला व शेजारच्याला कसा ते सांगितले.’

‘मातीचा बैल पडला. पाय जाड करून पुन्हा उभा केला.’

शेवटची नोंद चित्र बघून लिहिता येणार नाही, त्यासाठी काम चालू असताना वर्गात फिरावं लागतं. एका तासाला पस्तीस जणांचं लिहिणं जमणार नाही, पाच-सहा मुलं ठरवून घ्या, महिन्या-दीड महिन्यात सगळी होतात. चित्राच्या मागे मुलानं सांगितलेलं एक वाक्य त्याच्याच शब्दांत, पेन्सिलीनं लिहा. विचारताना ‘हे काय आहे?’ नको, त्यात ‘मला ओळखू येत नाही’ असं ऐकू येतं. ‘मला याच्याबद्दल सांग’ म्हणा. नंतर वाचताना निळ्या गिरगोट्यांच्या कागदामागे ‘हा ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि मग पाऊस आला’ असं सापडतं, आणि दोन गुणांचा हिशेब बाजूला राहतो.

प्रत्येक मुलाची सत्रातली पाच चित्रं ठेवा : पहिलं, शेवटचं, दोन तुम्ही निवडलेली, एक त्यानं निवडलेलं. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान मधे दुमडून दोन कडा खळीनं चिकटवल्या की पिशवी तयार. खळ कडांनाच लावा, पातळ. आतपर्यंत पसरली तर पावसाळ्यात चित्रं पिशवीला चिकटून बसतात.